पत्र्यापुढची रांगोळी

आमच्या गल्लीतली चाळ पाडली आणि तिथे उंच पत्रे उभे राहिले. त्यांवर होणाऱ्या टॉवरचं भलंमोठं चित्र आहे. काचा, कारंजं, कुत्रं घेऊन हसत चालणारी माणसं. त्या चित्रात कोपऱ्यावरचं पिंपळाचं झाड तेवढं आमचं.

चाळीतल्या सुमनताई आता मागच्या गल्लीत भाड्याने राहतात. आज सकाळीही त्या आल्या आणि जिथे त्यांचा उंबरठा होता, तिथे पत्र्यापुढे बसून त्यांनी रांगोळी काढली. वॉचमन खराटा घेऊन उभाच होता.

"ताई, साहेब गिऱ्हाईक घेऊन येतायत. पुसायला सांगितलंय."

"पुसा की," त्या म्हणाल्या. रांगोळीवर हळदीकुंकू वाहिलं आणि बाजूला झाल्या.

कुंकू वाहिलेल्या रांगोळीला खराटा कोण लावणार? तो तसाच उभा राहिला. मी चित्राकडे पाहत होतो. काढणाऱ्याने कुत्र्याचा पट्टासुद्धा काढला होता. एवढ्या मोठ्या चित्रात उंबरठा मात्र कुठेच नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. वॉचमनने खराटा पत्र्याला टेकवला, रांगोळीच्या पुढे येऊन उभा राहिला आणि साहेबांच्या गाडीला लांबूनच थांबायचा हात केला.