हवेचं भाडं

कुरिअरच्या काउंटरवरची पार्सलं संध्याकाळच्या गाडीने निघून जातात. किस्से मात्र इथंच साठतात, त्यांना पुढचा पत्ताच नसतो. बी.कॉम. करून मी कर्जतच्या या काउंटरवर बसलो तेव्हा वाटलं होतं, चार महिने काढू. आता मित्र चहाला भेटले की पहिला प्रश्न, "आज कोणाला कापलंस?"

*

भिसेगावचे एक निवृत्त मास्तर दहिवलीला मेहुण्याकडे पुस्तकं पाठवायला आले. भाव ऐकून म्हणाले, "अरे, इथून हाक मारली तर दहिवलीत ऐकू जाईल."

मी समजावलं, की पार्सल आधी भिवंडीच्या गोदामात जातं, तिथून परत कर्जतला येतं, मग दहिवलीला. भाडं त्या रस्त्याचं.

मास्तरांनी पुस्तकं काखेत मारली. "मीच नेऊन देतो. मला वाटेत भिवंडी लागत नाही."

*

मंदाताई खालापूरकडच्या. पूर्वी रसायनीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायच्या. तिथल्या वासाने खोकला धरला, म्हणून सोडलं आणि घरी बांबूचे लॅम्पशेड विणायला लागल्या. पुण्याहून फोनवर ऑर्डरी यायला लागल्या. हे चाललं नाही तर पुन्हा पॅकिंग, तिसरा रस्ता नव्हता.

पहिलं खोकं त्यांनी काट्यावर ठेवलं. दोन किलोसुद्धा भरलं नाही. मी टेप काढली, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार केला, कंपनीच्या ठरलेल्या आकड्याने भागलं. बारा किलोचा भाव आला.

"बारा किलो? आत दगड भरल्यात का रं मी?"

"ताई, खोकं गाडीत जागा किती अडवतं तेही बघतात. काटा आणि टेप, दोन्हींत जे जास्त येईल ते लावतात."

"म्हंजी हवेचं भाडं."

"हो," मी म्हणालो.

*

ताईंना दिव्याच्या होल्डरचं पार्सल आलं, त्यावर 'दुर्गम भाग' म्हणून जादा आकार. ताईंचं घर हायवेला लागून आहे.

"दिवसभर तुमच्याच गाड्या आमच्या दारासमोरनं पळतात की."

आमचे शेठ, म्हणजे या फ्रँचायझीचे मालक, मान वर न करता म्हणाले, "पळतात ताई. थांबायचे पैसे आहेत."

*

मला राहवेना. एरिया मॅनेजर आले तेव्हा विचारलंच. "सर, कारखान्यांची थर्माकोल भरलेली खोकी निम्म्या भावात जातात. त्यांच्या खोक्यात हवा नसते का?"

"असते ना."

"मग?"

"त्यांची हवा होलसेलमध्ये असते."

शेठ हसले. मॅनेजर गेल्यावर मला म्हणाले, "तू फार विचारतोस. तुझं इथं कठीण आहे."

*

मग मीच डोकं चालवलं. ताईंना म्हटलं, "बारा किलोचे पैसे भरताच आहात, तर रिकाम्या जागेत काहीतरी घाला. बारा किलोपर्यंत भाडं तेवढंच. गिऱ्हाइकाला भेट मिळेल, ते पुन्हा ऑर्डर देतील."

"काय घालू?"

"घरचा तांदूळ आहे ना?"

ताईंनी जुन्या साडीच्या पिशव्या शिवल्या, तांदूळ भरला आणि लॅम्पशेडच्या चारी बाजूंना नीट बसवल्या. त्या दिवशी काटा आणि टेप जवळजवळ जुळले. कंपनीला पहिल्यांदाच हवेचं काही मिळालं नाही. मी खुशीत शेठना चहा पाजला.

*

परवा सकाळी ताई आल्या. या वेळी खोकं लहान, पण उचलताना माझा हात खाली गेला. त्यांनी मोबाइल पुढे केला. लॅम्पशेडच्या बहुतेक ऑर्डरी देणाऱ्या पुण्याच्या बाईंचा मेसेज होता: 'तांदळाचा वास किती सुंदर! लॅम्पशेड आता नको, ठेवायला जागा नाही. तांदूळ मात्र दर महिन्याला पाठवाल का?'

मी टेप लावली, मग खोकं काट्यावर ठेवलं. आत हवा नव्हतीच.

"आणि विणून ठेवलेले लॅम्पशेड?"

"कोंबड्या झाकल्यात त्याखाली. त्या काय टेप लावत नायत."

ताई खोकल्या. पदराने तोंड पुसलं आणि रस्त्याकडे पाहिलं.

"पावती दे रं लवकर. रसायनीची बस चुकंल."