कोठीमागच्या घुशी

प्रार्थनेत मारलेल्या टोमण्याला उत्तर देता येत नाही. एक तर समोरचीचे डोळे मिटलेले असतात, आणि दुसरं म्हणजे ती तुमच्याशी बोलतच नसते, देवाशी बोलत असते. माझी धाकटी जाऊ या कलेत फार तयार. "हे प्रभू, ज्याइले आपलाच आवाज गोड वाटते, त्याइच्यावर दया कर," असं ती म्हणाली की सगळी मंडळी भक्तिभावानं "आमेन" म्हणत आणि मी एकटी दातओठ खात बसत असे.

पांढुर्ण्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थना असते ती धाकट्या दिराकडे. त्याचं घर म्हणजे आमच्याच घराचा अर्धा भाग. मधे एक भिंत, आणि दोन्ही स्वयंपाकघरांना जोडणारं एक दार. गाणं सुरू करायचा मान कित्येक वर्षं माझा होता. मी सूर धरायचा आणि बाकीच्यांनी मागून यायचं. गेल्या ईस्टरला मी जरा चष्मा पुसत होते, तेवढ्यात जावेनं गाणं उचललं. तेही इतक्या वर, की दुसऱ्या कडव्यापर्यंत तिच्यासोबत कोणीच उरलं नाही. मी गीतांचं पुस्तक मिटलं आणि तडक घरी आले.

त्याच आठवड्यात नवा गहू आला. मी पत्र्याची रिकामी कोठी ओढत नेऊन त्या दारासमोर उभी केली आणि काठोकाठ भरून घेतली. दार त्यांच्या बाजूला उघडतं. उघडा म्हटलं, आणि बघत बसा कोठीची पाठ.

पाळकसाहेब सौंसरहून मोटरसायकलवर समजूत घालायला आले. चहा झाल्यावर त्यांनी हळूच आठवण करून दिली, की देवापुढे अर्पण आणण्याआधी भावाशी समेट करावा अशी प्रभूची आज्ञा आहे.

"भावाशी ना?" मी म्हटलं. "माहा भाऊ मोहगावले रायते. त्याच्यासंगं माहं कधीच भांडन नाई झालं. जावेचं कुठं लिवलं हाये, तेवढं दाखवा."

पाळकसाहेबांनी बायबल उघडलं, मिटलं आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.

मग मी प्रार्थनाच सोडली. बुधवारची सोडली, तशी झोपण्याआधीची घरातलीही सोडली. देवानं जावेची बाजू घेतली आहे असा माझा पक्का समज होता, आणि तिच्या पक्षातल्या माणसाशी मी काय म्हणून बोलायचं? नवरा मात्र दर बुधवारी रस्त्यानं वळसा घालून पलीकडे जाई आणि पोहे खाऊन परत येई. मिशीत शेव तशीच. मी अलीकडे भाकरी थापत सगळं ऐकत असे, कारण भिंत नावालाच आहे.

"प्रभू, पलीकडच्याइचं मन नरम कर," जाऊ प्रार्थना करी. "त्याइच्या भाजीत मीठ जास्त पडून राहिलं."

मीठ खरंच जास्त पडत होतं. हे तिला नवऱ्याशिवाय कोण सांगणार होतं?

त्यात घुशींचा त्रास. बुधवारी प्रार्थना आटोपली की कोठीमागे खरखर सुरू व्हायची. दिवाळीनंतर, गहू अर्ध्यावर आला, तेव्हा तर कोठी दारापासून चक्क बोटभर पुढे आलेली दिसू लागली. गुरुवारी सकाळी मी पाठ लावून ती जागेवर ढकलत असे.

"घुशी कोठी सरकवतेत व?" नवऱ्यानं विचारलं.

"आपल्या इथल्या सरकवतेत," मी म्हटलं आणि कोठीच्या कडेला पिंजरा लावला, आत एक भजं घालून. घूस काही सापडली नाही.

नाताळाच्या आधीच्या बुधवारी मी करंज्या तळत होते. पलीकडून जावेचा आवाज आला, "प्रभू, पलीकडे करंज्या जळून राहिल्या. ध्यान कुठं हाये त्याइचं, तुलेच ठाऊक."

करंज्या खरोखरच जळत होत्या. माझं डोकं भडकलं. पण प्रार्थनेत मधे बोलता येत नाही. तिला उत्तर द्यायला एकच रस्ता होता. मी गॅस बंद केला, झारा हातात घट्ट धरून डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं सुरू केलं.

"प्रभू! तिले सांग का करंज्या माह्या हायेत, मी जाळीन नाई तं काईबी करीन! आन तिले इचार, माहा चष्मा पुसून होतपर्यंत थांबाले काय झालं होतं तिले?"

आणि इथं माझं मलाच ऐकू आलं. इतक्या महिन्यांनी मी देवाशी बोलत होते, आणि बोलत होते चष्म्याबद्दल. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं. मला देवाची फार आठवण येत होती.

"प्रभू," मी हळू म्हटलं, "मले वापस यायचं हाये. तू म्हनशीन तसं करीन. कोठी बी सरकवीन."

मग भिंतीतून सगळ्यांचं एकदम आलं, "आमेन!"

कोठी ओढायला गेले तर धरायला काही नाही, हात नुसते घसरत होते.

"ढकल व तिकडून!" मी ओरडले.

कोठी लगेच सरकली, जणू वाटच पाहत होती. फटीतून जाऊ आडवी होऊन आत आली, केसांना जळमटं.

"ढकलूनच राहिली न मी, बाई," ती धापा टाकत म्हणाली. "ईस्टरपासून. दिवाळीपासून कुठं बोटभर सरकते, तं गुरवारी तुमी वापस लोटता."

मी पिंजऱ्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

"हे कोनासाठी?"

"तुह्यासाठी," मी म्हटलं. "चुकलं माहं."

तिनं पिंजरा उचलून आतलं वाळकं भजं नीट पाहिलं. "ताजं तरी ठेवाचं, बाई," ती म्हणाली आणि माझा हात धरून मला पलीकडे घेऊन गेली.

मंडळी गाण्यासाठी थांबली होती. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. चष्मा स्वच्छ होता, घसा तयार होता. मी पुस्तक उघडलं आणि जावेकडे पाहत बसले. तिनं सूर धरला, नेहमीसारखा भलताच वर. मी मागून गेले. दुसऱ्या कडव्याला माझा आवाज फाटला, नवरा पोह्यांची बशी तोंडाशी धरून हसला, पण मी गाणं सोडलं नाही.