कारंज्यातली तेरा ठिकाणं

मोटारीचा ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन शाळेत आला, तेव्हा मी मुलींची हजेरी घेत होते. कारंज्याहून वहिनींनी शेजाऱ्याकडून लिहून घेतलेल्या दोनच ओळी होत्या : दादा आज पहाटे गेले, बाईनं लगेच निघावं. मी हजेरी पूर्ण केली. अर्धी हजेरी टाकून उठावं हे मला सुचलंच नाही. परतीच्या मोटारीला तासभर अवकाश होता, म्हणून घरी येऊन काय काय करायचं ते कागदावर उतरवलं. कागदाशिवाय मी कुठं जात नाही. दोन लुगडी, वहिनींसाठी घोंगडी, शाळेच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या, मळ्यात जाऊन बाबांना सांगणं... सहा ओळी झाल्या. सातवी हातानं आपोआप लिहिली : दादासाठी वांगी. कारंज्याला जायचं असलं की यादीतली शेवटची ओळ हीच असायची. ती पाहिल्यावर मात्र मी कागद तसाच घडी करून कमरेला खोचला. मळ्यात गेले तर बाबा वांग्यांनाच पाणी देत होते. मी सांगितलं. त्यांनी खाली वाकून एका वाफ्याचं तोंड मातीनं बंद केलं, दुसऱ्याचं उघडलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू हो पुढं."

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मालेगावच्या बाहेर आमचा भाजीचा मळा आहे. विहिरीवर मोट हाकायची, भाजी काढायची आणि बाजारात न्यायची, एवढंच काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. दादा विसाव्या वर्षी ते सोडून कारंज्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात कामाला लागला. जाताना बाप-लेकाचं भांडण झालं. मी तेव्हा चुलीपाशी होते, सगळं ऐकलं. बाबा म्हणाले, "जाय. महिन्याभरात वापस येशीन." दादा म्हणाला, "नाही आलो तं?" बाबा म्हणाले, "तं मीच येईन पाह्याले, तुह्या कारंज्यात असं हाय तरी काय." महिना गेला, वर्ष गेलं. दादा सणाला यायचा आणि जेवून त्याच दिवशी परत जायचा. बाबा पाहायला कधी गेले नाहीत. पण आमच्याकडचं जे कुणी कारंज्याला जाई, त्याला परत आल्यावर मळ्यात बोलावून घेत आणि पाणी द्यायचं काम चालू ठेवून, जणू काही दुसरंच विचारतो आहोत अशा आवाजात विचारत, "कसा काय हाय थो?"

हे दादाला ठाऊक होतं. म्हणून कुणी पाहुणा आला की तो जिनातून रजा काढायचा आणि गाव दाखवायला न्यायचा. ठिकाणं सात, आणि क्रम कधी बदलायचा नाही. स्टेशन, वेस, जैन मंदिर, गुरुमंदिर, तलाव, त्याचं जिन आणि शेवटी कापसाचा बाजार. बाजारात ओळखीचा मापारी होता. तिथल्या भल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात पाहुण्याला बसवायचं, दुसऱ्यात दादानं बसायचं. दादाचं पारडं धाडकन खाली टेकलं की तो हसून म्हणायचा, "जाऊन सांगजो बाबाले. शहराचं पाणी आंगी लागलं म्हणावं." मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच्यामागे अक्षरशः पळत होते. तो धोतराचा सोगा हातात धरून पुढं, मागं न वळता माहिती सांगत चाललेला, आणि मी वहीत लिहीत लिहीत मागं. "बाई, लिहू नको, पाह्य," तो ओरडायचा. "लिवलेलं मंग कवा पाहाशीन?" मी म्हटलं, "घरी गेल्यावर." जेवायच्या वेळेआधी सातही ठिकाणं पाहून आम्ही घरी होतो. ती वही माझ्याजवळ आहे. सात ओळी, समोर वेळ.

त्यानंतर तीनदा गेले. शेवटची भेट गेल्या पौषात. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीला मागं कोळशाची भट्टी जोडलेली. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं आणि चालायचं. दोन तास उशिरा पोहोचले. दादा अड्ड्यावर झाडाच्या पारावर बसून होता. मला पाहून उठला नाही, बसल्या जागेवरून म्हणाला, "काहून वं, मोटारीले दम लागला का?" मी म्हटलं, "मोटारीलेच नाही, मलेही लागला. वांगी उचल आता." त्यानं टोपलं उचललं नाही, शेजारच्या टांगेवाल्याला उचलायला सांगितलं. मला वाटलं, जिनात मुकादम झाल्यापासून साहेबी आली आहे. तसं बोलूनही दाखवलं. तो नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पाहायला निघालो. मी म्हटलं, सात ठिकाणं मला पाठ आहेत, राहू दे. तो ऐकेना. "नवीन लय झालं हाय," म्हणाला. नवीन काय, तर स्टेशनाच्या पुढं एका कडुनिंबाच्या बेचक्यात पिंपळ उगवला होता. तिथं थांबून त्यानं मला तो किती वेळ पाहायला लावला. मग एका व्यापाऱ्याच्या घराची भिंत, अर्धी लाल विटांची आणि अर्धी काळपट. मग एका कासाराच्या दुकानाचा ओटा. "कारंज्यातला सर्वात थंडा दगड हा. बसून पाह्य," म्हणून स्वतःच आधी बसला. पौषातली थंडी, आणि हा थंड दगड दाखवतो आहे... मी उभीच राहिले. पुढं एका बंद घरापाशी थांबला. "हे दार पाह्य."

"काय हाय दाराले?"

"बंद हाय."

"बंद दार पाह्याले मी मालेगावाहून आली का रे?"

"उघडं तं तिकडंही दिसते," तो म्हणाला. हसताना त्याला खोकला आला. मी घड्याळ पाहत होते. मग एका टांग्याच्या घोड्याचे कान पाहायचे होते. आणि तलावाच्या वाटेवर, जिथं झाड नाही, घर नाही, काहीच नाही, तिथं तो पुन्हा थांबला. मी कंटाळून विचारलं, "आता इथं काय?" तो कमरेवर हात ठेवून वर पाहू लागला. मग म्हणाला, "इथून आभाळ मोठं दिसते." मी तेही लिहून घेतलं. लिहिता लिहिता म्हणाले, "दादा, तू लय आळशी झाला. बाबा ऐंशीच्या घरात आले, अजून तुह्यापेक्षा भराभर चालतात." मी त्याच्याशी बोललेलं हे जवळपास शेवटचं वाक्य. बाजारात पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तराजू रिकामा होता, तरी तो म्हणाला, "आज नाही. आज कामात हाय थो." वहीत त्या ओळीपुढं मी लिहिलं आहे : तराजू — राहिला.

मालेगावला आल्यावर बाबांनी मळ्यात बोलावलं. विचारलं, "कसा काय हाय थो?" मी खरं तेच सांगते अशी माझी ख्याती आहे, आणि मला जे दिसलं तेच मी सांगितलं. मजेत आहे. मुकादम झाला आहे. बोलका झाला आहे, पावलोपावली थांबून काहीबाही दाखवतो. थोडा सुस्तावला आहे.

चिठ्ठी आली त्या दिवशी मी पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. जिनातली माणसं ओट्यावर बसली होती. तिसऱ्या दिवशी घर जरा रिकामं झालं, तेव्हा मी वहिनींना विचारलं की आजार नेमका कोणता आणि कधीपासून. मी वहीही काढली होती. वहिनी त्या वहीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्सं झाले बाई. छाती भरून ये त्यायची. जिनातून घरी याले चार जागी बसत." कुठं कुठं, मी विचारलं. त्या सांगू लागल्या. निंबात पिंपळ आहे तिथं. दोन रंगांच्या भिंतीला टेकून. कासाराच्या ओट्यावर. आणि गल्लीच्या तोंडाशी एक घर कायम बंद असतं, त्याच्या पायरीवर... माझ्या हातात वही होती. मी तीच पानं उघडली. निंब, भिंत, ओटा, दार. घोडा आणि आभाळ त्यांना माहीत नव्हतं, कारण ती वाट घराची नव्हती. ते माझं मलाच कळलं. प्रत्येक ओळीसमोर मी वेळ लिहिलेली होती. पहिल्या दोन ठिकाणांत वीस मिनिटांचं अंतर. शेवटी शेवटी चार मिनिटं चालला की थांबलेला. गावातलं सगळं पाहून लिहून घेतलं होतं मी, फक्त दाखवणाऱ्याकडे पाहायचं राहिलं होतं.

"मले काहून नाही सांगतलं?" मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, बाईले सांगा. ते म्हणे, तिले सांगतलं तं ती कागद काढन, लिहून घेईन आन् बाबाले जाऊन वाचून दाखवन. मंग बाबा म्हणतीन, पाह्य, आलाच का नाही वापस." एवढं सांगून त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. दादानं मला बरोबर ओळखलं होतं. मी तसंच केलं असतं. त्याला गाडीत घालून मळ्यात आणलं असतं, वैद्य बसवला असता, औषधांच्या वेळा भिंतीला चिकटवल्या असत्या. कदाचित तो वाचला असता. कदाचित नसता. या दोन वाक्यांची यादी मी रोज करते आणि ती पुढं सरकत नाही.

दहाव्याला बाबा आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मोटारीतून उतरले ते हातात वांग्यांचं टोपलं घेऊन. घरी आल्यावर त्यांनी ते अंगणात ठेवलं, आणि ते कुठं न्यायचं हे कुणालाच कळेना, म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत तिथंच राहिलं. विधी आटोपल्यावर बाबा म्हणाले, "थो लोकायले गाव दाखवे म्हणतात. मले दाखव." मी वही घेतली नाही. स्टेशन दाखवलं आणि पुढं निघाले, तर निंबापाशी पाय आपोआप थांबले. "हे पाहा बाबा, निंबात पिंपळ." त्यांनी पाहिलं. भिंत दाखवली. ओट्यावर बसवलं, मीही बसले. दगड खरंच थंड होता. चैत्रातल्या उन्हात त्याचं मोल कळलं. बंद दारापाशी आलो. बाबा पायरीवर टेकले.

"इतक्या जागी थांबे का थो?"

"हो."

"काहून?" त्यांनी मान वर केली. "दम लागे का त्याले?"

जन्मभर बाबांनी जे विचारलं त्याचं मी नेमकं उत्तर दिलं आहे. त्या पायरीवर मात्र दादाचा निरोप पोचवायची पाळी माझी होती. मी म्हटलं, "नाही बाबा. दाखवायची हौस लय होती त्याले."

बाबांनी मान हलवली. "लहानपणीही तसाच. मोट हाकता हाकता बैल थांबवे आन् मले म्हणे, बाबा, थे पाखरू पाह्य. मी रागवो. पाणी खोळंबते म्हणो..." आम्ही उठलो. घोडा त्या दिवशी नव्हता, त्याच्याविषयी नुसतं सांगितलं. तलावाच्या वाटेवर मी त्यांना आभाळ दाखवलं.

आता वैशाख सरत आला आहे. बाबा मळ्यात भाजी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला कारंजं सांगतात. सात ठिकाणं त्यांच्या लक्षात राहिलेली नाहीत, मधली सहा मात्र पक्की आहेत. निंबात पिंपळ, दोन रंगांची भिंत, थंड दगड, बंद दार, घोडा, आभाळ. न पाहिलेला घोडाही ते बोटांवर मोजतात. "लय पाह्यासारखं गाव निवडलं माह्या लेकानं," म्हणतात. परवा मी ऐकत उभी होते, तर एकानं विचारलं, शेवटी प्रकृती कशी होती म्हणे? बाबा म्हणाले, "मजेत होता. आमची बाई पाहून आली ना."

मालेगावच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. बाबांना अक्षर वाचता येत नाही. वर्तमानपत्राच्या या पुरवणीचा कागद भाजी बांधायला मळ्यात पोहोचला तर पोहोचू द्या, पण त्यांना हे कुणी वाचून दाखवू नये.