साडेबावीस मीटर

खिडकी दोनदा मोजावी आणि कापड एकदाच कापावं, असा पडदेवाल्या काकूंचा शिरस्ता. त्यामुळे तरणतलावाच्या मॅनेजरनं टँकवर घालायला आच्छादन शिवून मागितलं, तेव्हा भिंतीवर ‘लांबी पंचवीस मीटर’ असं ठळक रंगवलेलं असूनही त्यांनी पिशवीतून लांब टेप काढली. एक टोक उथळ बाजूला विटेखाली दाबलं आणि दुसरं धरून खोल बाजूला चालत गेल्या.

साडेबावीस.

पुन्हा मोजलं, साडेबावीस. तिसऱ्यांदा खोल बाजूकडून मोजलं, न जाणो तिकडून तरी पंचवीस भरतील. आकडा हलेना. दोन वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत उथळ टोकाला आतून नवी भिंत घातली होती. भिंतीवरचा आकडा बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. काकू काठावर बसल्या. आच्छादनाला कापड किती लागेल हे डोक्यात आलंच नाही. आला तो दुसराच गुणाकार. साडेबावीस गुणिले साठ, तेराशे पन्नास.

म्हणजे परवाचे पंधराशे हे पंधराशे नव्हतेच.

काकू पोहायला शिकल्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मशीनचं पायडल मारून मारून गुडघे कुरकुरायला लागले म्हणून. पहिला महिना नाकातोंडात पाणी जाण्यातच गेला. सकाळच्या मोठ्यांच्या बॅचमध्ये ज्याचं त्याचं अंतर ठरलेलं असे. कडेच्या पट्ट्यातले गप्पा मारत पाच-सहाशे मीटर करत, मधले हजार-पंधराशे, आणि पलीकडच्या पट्ट्यातले दोन-अडीच हजार करून वर ‘आज हलकंच केलं’ म्हणत. पाच वर्षांत काकू कडेवरून मध्यावर सरकल्या होत्या.

त्यांचा डोळा होता गावाबाहेरच्या तळ्यावर. लहानपणी तिघे भाऊ त्यात उड्या मारत आणि काकू काठावर त्यांचे कपडे राखत बसत. “ताई, हलू नकोस हं, कुत्रं चप्पल नेईल.” तळ्याशी त्यांची ओळख एवढीच. दरवर्षी बॅचमधली काही जणं ते तळं पोहून पार करत, सरळ पंधराशे मीटर. शिकवणाऱ्या सरांची अट एकच होती: आधी टँकमध्ये न थांबता पंधराशे करून दाखवा, कारण तळ्याच्या मध्यावर धरायला भिंत नसते. परवा काकूंनी इकडून तिकडे अशा साठ फेऱ्या पुऱ्या केल्या आणि सरांनी यादीत त्यांच्यापुढे खूण केली. घरी जाऊन त्यांनी तिन्ही भावांना फोन केला होता.

मंगळवारी सकाळी त्या ओल्या टोपीसकट सरांसमोर उभ्या राहिल्या.

“सर, माझी खूण खोडा.”

“का? घरचे नको म्हणाले?”

“टँक अडीच मीटर आखूड आहे.”

सर हसले. मग त्यांनी काकूंच्या हातातली टेप पाहिली आणि हसायचे थांबले.

निवृत्त पोस्टमास्तर पाण्यातूनच ऐकत होते. रोज ऐंशी फेऱ्या मारून ‘दोन किलोमीटर झाले’ हे ते बायकोला, दूधवाल्याला आणि डॉक्टरला न चुकता सांगत. “म्हणजे माझे दोनशे मीटर गेले कुठे?”

“आटले,” काकू म्हणाल्या. “सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं तसे.”

“अहो, पण सांगायचं कशाला? सगळ्यांचेच आटले होते, सगळे सुखात होते.”

“तळं नाही ना आटलेलं.”

सर समजुतीनं म्हणाले, “काकू, साठ फेऱ्या सांगितल्या, तुम्ही केल्यात. दीडशे मीटरचं काय एवढं? शेजारून होडी असतेच.”

“तेच म्हणते मी. शेवटच्या दीडशेत दमले तर होडीत बसून पलीकडे जायचं. नुसतं बसायला मी पूर्वीही जात होतेच, सर.”

सरांनी खोडरबर शोधलं.

आता सदुसष्ट फेऱ्या हव्या होत्या आणि यादी रविवारी बंद होणार होती. गुरुवारी त्रेसष्टाव्या फेरीला उजव्या पोटरीत असा गोळा आला की काकूंनी भिंत धरली. थांबलं की संपलं. पुढचे दोन दिवस आच्छादन शिवताना त्यांनी मशीनवर फक्त डावा पाय चालवला. उजवा शेजारच्या स्टुलावर, पाहुण्यासारखा.

रविवारी त्या पाण्यात उतरल्या. मोजणी चुकू नये म्हणून त्या दर फेरीला एक घर आठवत, जिथे त्यांचे पडदे लागले होते. पहिलं डॉक्टरीणबाईंचं, दुसरं शाळेमागचं, तिसरं त्या जुळ्यांचं. असं करत साठ घरं झाली. पुढची घरं त्यांनी कधी जुळवली नव्हती. एकसष्टपासून नुसता आकडा, नुसता श्वास. चौसष्टला गोळा आला, अगदी ठरल्या वेळी आल्यासारखा. काकूंनी तो पाय सोडून दिला, ओढत नेला, आणि हातांनी पाणी मागे सारत राहिल्या. वेग इतका उतरला की शेजारच्या पट्ट्यातून पोस्टमास्तर त्यांना मागे टाकून गेले. ते आज एकोणनव्वद करायला उतरले होते. पासष्ट. सहासष्टला डोळ्यांपुढे फरशीची काळी रेघ तेवढी होती. मग हात भिंतीवर आपटला.

सर काठावर वाकले. “सदुसष्ट. मीही मोजल्या. लिहू?”

काकूंनी मान डोलावली. बोलायला श्वास जमेपर्यंत सरांनी यादीत लिहून टाकलं होतं.

“वर या आता.”

“येते. पाय अजून ऐकत नाहीये.” त्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसून पोटरी चोळत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “सर, तळ्याचं पाणी किती गार असतं हो?”