साच्यातल्या तीन ओळी

ऑफिसात त्यांना सगळे बिल्डबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी ती कंपनी. खोलीभर माणसं दिवसभर कोड लिहीत, आणि तो सगळा गोळा करून त्याचा चालता प्रोग्राम बांधायचा, म्हणजे बिल्ड करायचा, हे बाईंचं काम. बिल्ड झाला तर कुणी नाव काढत नसे. फुटला की सगळे त्यांच्या खुर्चीमागे उभे. असल्या कामात माणूस एक तर संत होतो, नाही तर खाष्ट. बाई संत झाल्या नव्हत्या.

त्यांचा जीव एका प्लगिनमध्ये, म्हणजे बिल्डला जोडलेल्या एका छोट्या प्रोग्रामात, अडकलेला होता. वजन, ताप, औषधाची मात्रा असे ढीगभर फॉर्म दवाखान्यात लागतात, आणि प्रत्येकाचा कोड जवळपास सारखाच. तो हाताने कोण लिहीत बसणार? म्हणून बाईंनी एक साचा केला. फॉर्मचं वर्णन दिलं की प्लगिन त्या साच्यातून कोडची फाइल काढून देई. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर बाईंनीच घातलेली ओळ असे: 'ही फाइल यंत्राने लिहिली आहे. हात लावू नये.' चूक सापडली तर साचा दुरुस्त करायचा, फाइल नाही. आणि साचा उघडायची परवानगी फक्त बाईंना.

घरीही तेच. ओट्यावरचा डबा इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. एकदा त्या सासूबाईंना मोठ्या कौतुकाने आपलं काम समजावून सांगत होत्या.

"बिस्किटाचा कोपरा दुमडतोय म्हणून प्रत्येक बिस्कीट बोटाने नीट करत बसाल का? साचाच ठोकून सरळ करायचा."

"बरोबर आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "पण तू साच्याला हात लावू देशील तेव्हा ना."

नवरा पेपरामागे हसला. बाईंनी विषय बदलला.

त्यांचं एक दुखणं जुनं होतं. यंत्राने काढलेल्या फायली माणसांच्या कोडसोबतच साठवल्या जात, आणि फॉर्मचं वर्णन बदलेपर्यंत त्याच वापरल्या जात. मग कुणीतरी घाईत साच्याऐवजी त्या फाइललाच ठिगळ लावी. पुढे वर्णन बदललं की ठिगळ पुसलं जाई, आणि बोंब बाईंच्या नावाने. एकदा असं करताना मुनी सापडले. मुनी म्हणजे बाईंच्या शेजारच्या टेबलावरचे, लहान मुलांच्या वॉर्डाचं काम बघणारे, वयाने मोठे गृहस्थ. बोलणं इतकं कमी की दुसरं नाव शोभलंच नसतं. भर मीटिंगमध्ये बाई त्यांना म्हणाल्या, "वरची ओळ दिसत नसेल तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या." सगळे हसले. मुनींनी चष्मा काढून पुसला, आणि काही दिवसांनी वरच्या मजल्यावर टेस्टिंगला बदली मागून घेतली. त्यांच्या रिकाम्या टेबलावर बाईंचा पसारा जाऊन बसला. जिन्यात समोरासमोर आले तरी दोघं भिंतीकडे बघत जात.

बऱ्याच वर्षांनी साहेबांनी बाईंचं ऐकलं. साठवलेल्या फायलींचा फोल्डरच काढून टाकायचा, आणि दर बिल्डला सगळं साच्यातून ताजं काढायचं. बाईंनी त्या दुपारी फोल्डर उडवला. बिल्ड विनातक्रार पार पडला. साहेब स्वतः उठून टेबलाशी आले.

"झकास. संध्याकाळी दवाखान्यांना पाठवून देऊ."

बाई खुशीत होत्या; पण खुशीतही तपासल्याशिवाय राहणाऱ्यातल्या नव्हत्या. जुन्या फोल्डरची राखून ठेवलेली प्रत आणि नव्या फायली त्यांनी शेजारी शेजारी लावून पाहिल्या. सगळं तंतोतंत. फक्त बाळांच्या औषधाच्या फाइलमध्ये जुन्यात तीन ओळी जास्त होत्या. वजनाची जागा रिकामी असेल तर मात्रा दाखवू नका, एवढंच त्या सांगत होत्या. नोंदीत लिहिणाऱ्याचं नाव मुनींचं; त्या फॉर्मचं वर्णन कधी बदललंच नव्हतं, म्हणून ओळी टिकल्या होत्या. साच्यात तसलं काही नव्हतं. वजन दिलं नाही तर साचा मोठ्या माणसाचं वजन धरून मोकळा होई. हे संध्याकाळी गेलं असतं, तर कुठल्यातरी तान्ह्या बाळासाठी मोठ्या माणसाची मात्रा पडद्यावर आली असती.

त्या साहेबांकडे गेल्या. "आज पाठवायचं नाही. चूक माझ्या साच्यात आहे."

तीन ओळी साच्यात उतरवायला कितीसा वेळ? चहा निवायच्या आत झालं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण बाई जिना चढल्या.

मुनी खिडकीशी बसले होते.

"बाळांच्या फाइलमधल्या तीन ओळी तुमच्या ना?"

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

मुनींनी चष्मा काढला. "सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, साच्याचं नंतर बघू. साचा मला उघडता येत नव्हता, आणि वॉर्डातली बाळं काही थांबणार नव्हती. मग जिथे हात पोचला तिथे लिहिलं."

एवढं बोलताना त्यांना बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. 'तेव्हा कामं फार होती' असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "आणि त्या दिवशी चारचौघांत बोलले, तेही. खाली चला. साचा उघडून देते. तुमच्या हातानेच लिहा."

मुनी बाईंच्या खुर्चीत बसले आणि बाई मागे उभ्या राहिल्या. सगळी खोली बघत होती.

"फक्त बाळांना, की सगळ्यांनाच?" मुनींनी विचारलं.

"सगळ्यांनाच. अंदाजाने कुणालाच औषध नको."

मुनींनी सावकाश ओळी लिहिल्या. बाईंनी बिल्ड सोडला. जुनं सगळं पुसलं गेलं, आणि एकामागून एक नव्या फायली निघू लागल्या. औषधाच्या प्रत्येक फाइलमध्ये त्या तीन ओळी होत्या.

"आता पुसलं तरी?"

"पुसलं तरी परत येतील. दर वेळी."

मुनींनी एक फाइल उघडून त्या ओळी वाचल्या. मग हळूच म्हणाले, "मी खाली येऊन बसू का परत?"

बाई शेजारच्या टेबलावरचा आपला पसारा उचलू लागल्या.