मोज्यामागचा धबधबा

फोटोमामांनी पहिला मोजा स्टुलावर बसवला तेव्हा त्यालाही सांगितलं, "हनुवटी जरा वर." मोज्याला हनुवटी नसते हे त्यांना ठाऊक होतं. पण उभं आयुष्य समोर बसेल त्याला हेच सांगण्यात गेल्यामुळे तोंडाला वळण पडलं होतं. शिवाय मोजा उलट उत्तर देत नव्हता, हे गिऱ्हाईक म्हणून फारच चांगलं होतं.

मामांचा स्टुडिओ घराच्या पुढच्या खोलीत. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओ बसला. मग मामा रोज सकाळी रिकाम्या स्टुलावरची धूळ झटकायचे आणि त्याच स्टुलावर बसून पेपर वाचायचे. अशात सुनेने ऑफिसची नोकरी सोडली, मोजे विणायचं यंत्र आणून त्या खोलीत मांडलं आणि इंटरनेटवर मोज्यांचं दुकान उघडलं. "बाबा, फोटो मात्र तुम्हीच काढायचे," असं ती म्हणाली, आणि मामांना आकाश ठेंगणं झालं. त्या दिवशी त्यांनी दोनदा दाढी केली.

स्टुडिओत भिंतभर एक पडदा होता. त्यावर धबधबा, खाली तळं, तळ्यात दोन हंस, चहूकडे वेली, आणि कुठेही न जाणारा एक जिना. मामा पोरसवदा असताना त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्काने, तो मिळून रंगवला होता. पाणी मामांचं, पानं आक्काची. त्या धबधब्यापुढे हसून हसून गावातल्या निम्म्या लोकांची लग्नं जमली होती, तेव्हा मोजे कोण लागून गेले? मामांनी प्रत्येक मोजा धबधब्यापुढे बसवला, मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढला आणि तो जसाच्या तसा, तसूभरही लहान न करता, दुकानात चढवायला लावला. सुनेने कारण विचारलं तर म्हणाले, उद्या कुणाला भिंतीवर लावायला मोठा करून हवा असला तर? मोज्याचा फोटो भिंतीवर कोण लावतं, असं तिने विचारलं. माणसांचं काही सांगता येत नाही, असं मामांचं मत पडलं.

आता गंमत अशी की एवढा अगडबंब फोटो फोनवर उतरतो तो वरून खाली, रडतखडत. आधी आभाळ. मग धबधबा, तोही सावकाश. मग हंसांच्या माना. मोजा आपला तळाशी स्टुलावर बसलेला. बहुतेक गिऱ्हाइकांचा धीर हंसांच्या मानेपाशीच सुटे. एकाने लिहून विचारलं की इथे राहण्याची सोय आहे का. एका बाईंनी होडीचं भाडं विचारलं. मोज्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण मोजा कुणी पाहिलाच नव्हता.

मग वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीचा निरोप आला. दुकानातून लोकांच्या फोनवर किती माल वाहून न्यायचा याची महिन्याला एक हद्द ठरलेली असते. त्याला बँडविड्थ म्हणतात. ती मामांच्या धबधब्याने अर्ध्या महिन्यातच पिऊन टाकली होती. पहिली तारीख उजाडेपर्यंत दुकान बंद. मामा खूश झाले. बघ किती लोक येतात, असं म्हणत त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

सून यंत्रापाशी बसली होती. यंत्र बंद होतं आणि कोचावर मोज्यांचा एवढा ढीग साठला होता की बसायला जागा नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यातही असंच झालं तर मी यंत्र विकून ऑफिसला परत जाते."

मामांनी स्टुलाकडे पाहिलं. यंत्र गेलं की मोजे गेले, मोजे गेले की पुन्हा ते, स्टूल आणि धूळ.

म्हणून त्यांनी फोटो लहान करायला परवानगी दिली, तीही ऑपरेशनच्या कागदावर सही करावी तशा चेहऱ्याने. सुनेने लांबी-रुंदी उतरवली. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग तिने फोटो आणखी दाबला. तेव्हा पानांचा लगदा झाला, हंस पालथ्या टोपांसारखे दिसू लागले आणि त्या गडबडीत मोज्याची वीणही पुसली गेली. शेवटी तिने एक मोजा स्वयंपाकघराच्या पांढऱ्या भिंतीपुढे ठेवून फोटो काढला. तो वजनाला फुलासारखा, आणि टाका न् टाका मोजून घ्यावा इतका स्पष्ट. भिंत काय, एकदा पांढरी म्हटली की कॉम्प्युटरचं काम संपलं, पडद्यावरच्या मात्र एकेका पानाचा हिशेब त्याला ठेवावा लागतो, असं तिने समजावून सांगितलं.

मामांना ते कळलं. कळलं म्हणूनच ते भडकले. त्या भिंतीला काही घराणं आहे का, असं विचारून ते तरातरा गच्चीवर गेले आणि जेवायला हाक मारली तरी खाली आले नाहीत. थोड्या वेळाने दुकान पहिल्या तारखेपर्यंत बंदच आहे तर भूक तरी कशाला मारायची, असं म्हणत आले, पण बोलले कुणाशी नाही.

दुसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला. आक्का लांब डोंगरावर राहायची, जिथे नेटवर्क मनात आलं तर यायचं. तिला लाल मोजे हवे होते. मामांनी पाठवतो म्हटलं होतं, पण फुकटचं नको, मी रीतसर गिऱ्हाईक म्हणून घेईन, असा तिचा हट्ट.

"परवा दुकान बंद व्हायच्या आधी येऊन गेले तुझ्याकडे," आक्का म्हणाली. "सकाळभर अंगणात फोन धरून बसले होते. धबधबा पाहिला. हंसांच्या माना पाहिल्या. मग माझं इंटरनेट संपलं."

"कसा दिसतो गं धबधबा?"

"छान दिसतो. पाय अजून गारच आहेत."

मामा पडद्याजवळ गेले. मग हळूच म्हणाले, "आक्का, ती पानं तू रंगवलीस."

"मीच रंगवली. मान मोडेस्तोवर रंगवली. म्हणूनच सांगते, पानं मला पाठ आहेत रे. मला मोजे बघायचेत."

फोन ठेवल्यावर मामांना फार वाईट वाटलं. जिची पानं जपायची म्हणून सगळ्यांशी भांडलो, तीच गार पायांनी अंगणात ताटकळत बसली. ते उठले, शिडी लावली आणि पडद्याच्या कड्या काढू लागले. सून धावत आली, शिडी धरली. राहू द्या बाबा, मी स्वयंपाकघरात काढत जाईन फोटो, असं ती म्हणत राहिली. मामांनी ऐकलं नाही. पडदा खाली आला, मामांच्या डोक्यावरूनच आला, आणि थोडा वेळ धबधब्याखालून नुसतं खोकणं ऐकू येत होतं.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पडद्याची मागची बाजू होती. कोरी, सपाट, सायीच्या रंगाची. तिकडे त्यांनी इतक्या वर्षांत कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यांनी ती उजेडात धरली, हात फिरवला, आणि पडदा उलटा करून त्याच कड्यांवर परत चढवला.

पहिल्या तारखेला दुकान उघडलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच फोनवर मोजे समोर. पहिलं गिऱ्हाईक आक्का. आठवडाभरात तिचा फोन आला की मोजे पोचले, पाय गरम आहेत, पण आपला पडदा कुठे दिसला नाही.

"तिथेच आहे," मामा म्हणाले. "नुसती पाठ फिरवून बसलाय."

कोचावर आता बसायला जागा झाली आहे. यंत्र खडखडतं, सून गुणगुणते, आणि मामा नवा मोजा स्टुलावर बसवून कॅमेऱ्यामागे जातात.

"हनुवटी जरा वर," ते म्हणतात. "आणि मागे सरकू नकोस. मागे पाणी आहे."