धागा तुटल्याची खूण

आमच्या धाकट्या मुलीची श्वासनलिका जन्मापासून वरच्या बाजूला अरुंद. म्हणून गळ्याला भोक पाडून तिथे धातूची नळी बसवली आहे. श्वास नळीतूनच होतो, हवा वर घशापर्यंत पोचत नाही, त्यामुळे आवाज फुटत नाही. निजामपुऱ्यात आमचे कापड विणायचे चार लूम आहेत. तिथल्या खडखडाटात तसाही कोणाचा आवाज कोणाला ऐकू येत नाही, कारागीर हातांनीच बोलतात. धाग्याची कांडी संपली, चहा आला, मालक आला, प्रत्येकाची वेगळी खूण. धाकटी शाळेआधी ही भाषा शिकली. माझी आई म्हणते, "पोरगी बोलत न्हाय, पन भांडते बघ कशी."

एका दुपारी मी कापड मोजत होतो. धाकटी दारात आली, दोन मुठी जोडल्या आणि झटक्यात दूर केल्या. म्हणजे धागा तुटला. मी चारही लूम पाहिले, सगळे नीट चालू होते. मी नकारार्थी मान हलवली. तिने चिडून तीच खूण केली आणि बोट गळ्याकडे नेलं. गळ्याभोवती बांधलेल्या फितीत नळीची नुसती बाहेरची पट्टी अडकलेली होती. नळी तुटून आत घसरली होती.

ती खोकत होती, पण ओठ अजून लाल होते, म्हणजे श्वास चालू होता. मी तिला उचललं. एक कारागीर माझ्या कानाशी येऊन ओरडला, "सेठ, आप निकलो, लूम मैं देखता हूँ."

रिक्षात तिने माझा अंगठा सोडला नाही. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी गळ्याच्या भोकातून दुर्बीण घालून तुकडा काढला आणि नवी नळी बसवली. जुन्या नळीचा पट्टीजवळचा सांधा झिजला होता. आता नळी धुताना सांधा रोज बघायचा, असं त्यांनी बजावलं. मी तुकडा पट्टीच्या तुटक्या कडेला लावून पाहिला.

"भाऊ, कापड मोजून घेताय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आत काही राहिलं तर नाही, तेवढं बघतो."

"बघा. आम्हीही बघितलंय."

कडा बरोबर जुळली. तेव्हा कुठे मी बाकावर बसलो.

घरी सोडल्यावर धाकटीने आधी लूम गाठला. कारागिरांना हातांनी सगळी हकिकत सांगितली, आणि तुकडा केवढा होता ते दाखवायला दोन्ही हात फाकवले. मी मागून बोटांनी खरं माप दाखवलं, जेमतेम पाच सेंटीमीटर. तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि हात आणखी लांब केले.